डावीकडची खुर्ची

खरं सांगायचं तर त्या दुपारी मी संगीत ऐकायला गेलेच नव्हते. मी मावशीची घडीची खुर्ची उचलायला गेले होते.

आमच्या शहरात वर्षातून एकदा मोठा संगीत महोत्सव भरतो. सभागृहातल्या कार्यक्रमांना तिकीट असतं आणि ते मावशी कधीच काढत नाही. "बंद दाराआड बसून ऐकायला मी काय आजारी आहे?" असं तिचं म्हणणं. तिचा सगळा जीव बाहेरच्या, फुकटच्या कार्यक्रमांवर. त्या आठवड्यात कोण कुठे काय वाजवेल याचा नेम नसतो. अग्निशमन केंद्राच्या गच्चीवर ट्रम्पेट, फुलबाजारात व्हायोलिन... पोहण्याच्या तलावातलं पाणी काढून टाकतात आणि त्याच्या तळाशी उभं राहून लोक समूहगान गातात, कारण तिथे आवाज छान घुमतो! मावशी हातात नकाशा घेऊन लढाईवर निघाल्यासारखी पुढे, आणि जेवणाच्या सुट्टीत दुकानातून पळवून आणलेली मी मागे. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. माझी सुट्टी तासाभराची, पण मावशीला तिच्या आड येणारं घड्याळ मान्य नाही.

त्या दिवशी ग्रंथालयाच्या अंगणात पियानो होता. वाजवणारा तरुण होता, बाह्या दुमडलेला, आणि त्याची वाऱ्याशी जुंपली होती. शहरातल्या साध्यासुध्या लोकांनी पाठवलेल्या सुरावटी तो वाजवून दाखवत होता. एक कुणा निवृत्त बसचालकाची, एक बेकरीवाल्या बाईंची. सगळ्या नव्या, म्हणून सगळ्या कागदावरून वाचून वाजवायच्या. आणि वारा पानं उडवत होता. एका हाताने वाजव, दुसऱ्याने पान धर, मग कोपराने धर... शेवटी तो थांबलाच.

"समोरच्या रांगेतलं कुणी इथे येऊन बसेल का? पानं धरायला?"

"ही येईल," मावशी म्हणाली आणि तिचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"मला नोटेशन वाचता येत नाही," मी उभी राहून म्हणाले. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं.

"वाचायचं नाहीच. इथे डावीकडच्या खुर्चीत बसायचं. माझ्याकडे बघायचं. मी मान हलवली की उठून पान उलटायचं. वरचा कोपरा धरायचा, कागदावर सावली पडू द्यायची नाही. आणि मुख्य म्हणजे, पान उलटणारा माणूस लोकांना दिसता कामा नये."

मी माझ्या पोपटी ड्रेसकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"बरं... ते शेवटचं राहू द्या," तो म्हणाला.

एखाद्या अनोळखी पुरुषाच्या तोंडाकडे अर्धा तास टक लावून बघायची अशी राजरोस परवानगी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. मी तिचा पुरेपूर फायदा घेतला. अवघड जागा आली की त्याच्या जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात यायचं. सोपी आली की भुवया सैल व्हायच्या. आणि नवं पान आलं की तो हमखास पुढे वाकायचा, कपाळाला आठ्या घालून. मान हलली की मी उठायचे, उलटायचे, बसायचे.

टाळ्या थांबल्यावर मी म्हणाले, "डोळे तपासून घ्या."

तो बघतच राहिला. "लोक साधारणपणे 'छान वाजवलंत' म्हणतात."

"छानच वाजवलंत. पण दिसत नाहीये तुम्हाला. मी हेच काम करते."

"उद्या बस डेपोत आहे माझा कार्यक्रम. याल?"

"तिथे छप्पर आहे. वारा नसतो."

"वारा नसेल," तो कागद गोळा करत म्हणाला, "पण पानं असतील ना..."

मावशीने माझ्या वतीने हो म्हणून टाकलं.

मग रोज दुपारी हेच. डेपोत, इस्पितळाच्या आवारात, भाजी मंडईच्या पायऱ्यांवर. मावशी त्याला पियानोवाला म्हणायची आणि आपल्या थर्मासमधला चहा पाजायची, जो ती सख्ख्या बहिणीलाही सहज देत नाही. तो दुसऱ्या शहरातला, चार तासांवरचा. तिथे एका नृत्यशाळेत मुलींच्या सरावाला पियानो वाजवायचा. "दिवसभर एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार," तो म्हणाला. "इथे येऊन कळलं की पाचही असतात." मी खूप हसले. तेवढं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे मावशीने घरी गेल्यावर सांगितलं.

मंडईच्या पायऱ्यांवर मात्र घोटाळा झाला. बेकरीवाल्या बाईंची सुरावट रंगात आली होती, त्या स्वतः पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी उठले, पान उलटलं. त्याचे डोळे एकदम मोठे झाले. पान अर्धंच वाजून झालं होतं! पुढचं त्याने मनाने काहीतरी रचून वाजवलं, मी घाईघाईने पान परत मागे केलं, आणि पुन्हा जिथल्या तिथे येईपर्यंत आम्हा दोघांना घाम फुटला. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. बेकरीवाल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या की मधला भाग त्यांच्यापेक्षाही चांगला झाला.

लोक पांगले तशी मी भडकले. "तुम्ही मान हलवलीत!"

"हलवली."

"मग मी पान उलटलं. ठरल्याप्रमाणे!"

"पानासाठी नव्हती हलवली..."

"मग कशासाठी?"

तो पियानोचं झाकण लावायला लागला. लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "उन्हाची तिरीप आली होती तुमच्या तोंडावर. छान दिसत होतात. म्हणून... आपलं... हलली."

मी वाट्टेल त्याला वाट्टेल ते बोलते. दुकानात माझ्या जिभेला सगळे वचकून असतात. पण त्या वेळी "आधी डोळे तपासा," असं काहीतरी पुटपुटून मी मावशीची खुर्ची उचलली आणि निघाले. खुर्चीत मावशी बसलेली होती, हे तिने ओरडल्यावर लक्षात आलं.

पण तो खरंच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडताना.

तपासणीची खोली लहान आणि काळोखी. समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता, खुर्चीत तो, आणि काचा बदलायला त्याच्या तोंडासमोर वाकलेली मी. एरवी दिवसातून पंचवीस जणांसमोर मी अशीच वाकते. त्या दिवशी श्वास कुठे सोडावा तेच कळेना.

"हे स्पष्ट... की हे?"

"दुसरं."

"मी अजून काच बदललीच नाही."

"मग पहिलं."

"तुम्ही अक्षरांकडे बघा."

"बघतोय."

"खोटं. अक्षरं तिकडे आहेत."

"तिकडचं धूसर दिसतंय," तो हळूच म्हणाला. "जवळचं चांगलं दिसतंय."

माझ्या हातातली काच निसटून त्याच्या मांडीवर पडली. मी ती उचलायला आणि त्याचा फोन वाजायला एकच गाठ पडली.

फोन महोत्सवाच्या कार्यालयातून होता. समारोपाच्या मैफलीत गाणाऱ्या बाईंचा पियानोवादक तापाने आडवा झाला होता. उद्या दुपारी, मोठ्या सभागृहात, जमेल का? मंडईतलं वाजवणं त्यांच्यापैकी कुणीतरी ऐकलं होतं. तो खुर्चीतून असा उठला की डोकं दिव्याला आपटलं.

"तुम्ही याल ना? डावीकडे?"

मला हो म्हणायचं होतं. पण मंडईतला तो घोटाळा डोळ्यासमोर आला. पायऱ्यांवर तो निभावला. हजार माणसांपुढे माझ्यामुळे त्याची फजिती झाली असती, तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

"तिथे त्यांचा माणूस असेल. नोटेशन वाचणारा. मी नको."

त्याने आपटलेलं डोकं चोळलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." आणि मग, "चष्म्याला किती दिवस लागतील?"

"आठवडाभर."

"मी उद्या संध्याकाळच्या बसने जाणार. पोस्टाने पाठवाल?"

"पाठवू की," मी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले. तो गेल्यावर काळोख्या खोलीत जाऊन बसले आणि चक्क रडले. आठवडाभरात मला तो आवडायला लागला होता. नुसता आवडायला नाही. तो नसलेली दुपार कशी असते हे आठवेना, इथपर्यंत मजल गेली होती. आणि त्याने पोस्टाचं नाव काढलं होतं!

"मग तू काय म्हणालीस?" सगळं ऐकून मावशीने घरी विचारलं.

"पाठवते म्हणाले."

"धन्य आहात दोघंही. जगाला टोमणे मारताना तुझं तोंड थकत नाही, आणि बोलायची वेळ आली की मूग गिळून बसतेस."

ती म्हणत होती ते खरं होतं. उद्याची मैफल संपली की बस, आणि बस सुटली की संपलं. त्याच्याआधी बोलले नाही तर माझ्या वाट्याला फक्त पोस्टाची पावती येणार होती.

समारोपाची तिकिटं केव्हाच संपली होती. पण सभागृहाबाहेरच्या हिरवळीवर मोठा पडदा लावला होता, आतली मैफल बाहेर सगळ्यांना फुकट. दुपारच्या उन्हात लोक चटया टाकून पसरले होते. मावशी खुर्चीत, मी गवतावर.

तो आला. उसना काळा कोट, बाह्या आखूड. त्याच्या डावीकडे एक भारदस्त, मिशीवाले गृहस्थ ताठ बसले होते. बाई गायल्या, काय सुंदर गायल्या! तो पुढे वाकून, आठ्या घालून वाजवत होता. गृहस्थ बरोबर वेळेवर उठत होते, सावली न पाडता पान उलटत होते. एकदाही चुकले नाहीत. माझं इथे काही कामच नाही, असं मला वाटायला लागलं.

मग एक फार अवघड जागा आली. त्याच्या जिभेचं टोक बाहेर. सगळी हिरवळ चिडीचूप. जागा पार पडली, एकही सूर न चुकता, आणि तो डावीकडे वळून हसला. ते मंडईतलं, इस्पितळातलं, पूर्ण तोंडभर हसू, भिंतीएवढ्या पडद्यावर.

मिशीवाले गृहस्थ दचकले. आपल्या मागे कोण आहे ते बघायला त्यांनी वळूनही पाहिलं. हिरवळीवर हशा पिकला. मी हसले नाही. कारण पडद्यावर त्याचं हसू हळूहळू विरत गेलेलं मला दिसत होतं. जिला ते द्यायचं ती खुर्चीत नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं होतं.

"बसलीस काय?" मावशी म्हणाली. "ऊठ!"

मी धावले. सभागृहाला वळसा घालून मागच्या दारापाशी आले तोवर आत टाळ्यांचा पाऊस चालला होता. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि आधी मिशीवाले गृहस्थ बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्हीच का त्या?"

"कोण त्या?"

"भर मैफलीत माझ्याकडे बघून हसला. माझं लग्न झालंय हो! येतोय तो, थांबा इथेच." आणि ते मान हलवत निघून गेले.

तो आला. खांद्यावर पिशवी, कोट हातात. समोरच्या रस्त्यावर त्याची बस उभी होती, लोक चढायला लागले होते. मला पाहून तो जागच्या जागी थांबला.

वाटेत मी काय काय जुळवलं होतं. सगळं विसरले.

"पोस्टाने पाठवणार नाहीये मी चष्मा," मी म्हणाले.

"बरं..."

"बरं नाही! ऐका. मला तुम्ही आवडता. महोत्सवापुरते नाही. तो संपल्यावरही."

एक बाई मोठं वाद्य ढकलत आमच्या मधून गेल्या, "जरा बाजूला" म्हणाल्या. आम्ही बाजूला झालो, आणि परत तिथेच येऊन उभे राहिलो.

"पुन्हा म्हणाल?"

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं. म्हणूनच."

मी पुन्हा म्हणाले. दुसऱ्यांदा सोपं गेलं. त्याने पिशवी खाली ठेवली, कोट खाली ठेवला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. इतके दिवस त्याची बोटं मी इतक्या जवळून पाहिली होती, पण ती माझ्या हातात कधी आली नव्हती.

"मला वाटायचं, मावशी ढकलतात म्हणून तुम्ही येता," तो म्हणाला. "काल नाही म्हणालात तेव्हा खात्रीच झाली. म्हणून पोस्ट म्हणालो. येऊ का, असं विचारायचा धीर नाही झाला."

"पहिल्या दिवशी ढकललं होतं तिने. बाकीचे दिवस माझे मी आले."

"मलाही..." त्याने हात आणखी घट्ट धरले. "मला तू फार आवडतेस. पहिल्या दिवसापासून. डोळे तपासा म्हणालीस ना, तेव्हापासून."

बसचा हॉर्न वाजला.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "सकाळच्या पहिल्या बसने."

"आणि त्याच्या पुढच्या रविवारी?"

"तेव्हा तू ये. नृत्यशाळेतल्या मुलींना सांगून ठेवतो, कुणी हसायचं नाही म्हणून. त्या हसणारच."

तो धावत जाऊन चढला. कोट विसरला, मी तो खिडकीतून आत फेकला, आणि तो भलत्याच माणसाच्या डोक्यावर पडला. बस हलली तेव्हा खिडकीत तो, तो भला माणूस आणि आणखी दोघं-तिघं, सगळेच मला हात करत होते.

बस वळणावर दिसेनाशी झाली की मला रडू येईल, असं वाटलं होतं. पण मी हसतच होते. रस्त्याच्या कडेला एकटीच उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, वेड्यासारखी हसत होते, आणि रविवार उजाडेपर्यंत काही थांबायची नव्हते.