रिकाम्या घागरीचा भार

त्या घागरीला हात लावू नकोस, लक्ष्मीप्रिया. इकडे पायरीवर बस आणि दिवा आडोशाला ठेव. मागच्या कोल्लैत, परसात, दुर्बीण उभी, तिच्या तिवईखाली पितळेची रिकामी घागर लोंबतेय, हे पाहून शेजारच्या नव्या सुनेला नवल वाटणारच. विचारलंस ते बरं केलंस. बाकीचे विचारत नाहीत, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून मोकळे होतात.

महिनाभरापूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी अनुषा, माझी मुलगी, गाडी घेऊन येणार होती. कुंभकोणचं घर बंद करून मी कायमची चेन्नईला तिच्याकडे जायचं ठरलं होतं. तिच्या गच्चीतून समोरच्यांची गच्ची दिसते, आभाळ काही दिसत नाही. दुर्बीण शाळेला द्यायची होती. देवाजवळ दिवा लावला आणि ती गुंडाळून ठेवायला मी परसात आले, एवढंच काम.

दुर्बीण यांची. यांनी पोस्टातून निवृत्त झाल्यावर घेतली, तीही माझ्यासाठी. आपल्या इकडच्या मराठी घरांत लग्न सकाळचं आणि अरुंधती दाखवायची तीही सकाळीच, भर उन्हात! तुलाही तुझ्या लग्नात, मरुदानल्लूरला, दाखवली असेल. आमच्या घराण्यात आणखी एक रीत आहे. नवऱ्यानं आभाळाकडे बोट करून विचारायचं, आणि बायको ‘दिसली’ म्हणेपर्यंत बोट खाली घ्यायचं नाही. तिनं ‘दिसली’ म्हटलं की तो सुटला.

मांडवात यांनी बोट वर केलं. “दिसली कीं?”

“दिसली,” मी म्हटलं. होमाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, भूक लागली होती, आणि दिवसाउजेडी तारा कुठला दिसायला!

पंगतीत शेजारी बसल्यावर हे हळूच म्हणाले, “लबाड! मला तरी कोठें दिसली?”

तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतला. पण माझा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. सप्तर्षींतला वसिष्ठ मला दिसायचा, त्याच्या कुशीतली बारीक अरुंधती काही केल्या सापडत नसे. म्हणून दुर्बीण आली. पण तिवई कसली, निव्वळ लटपटं ध्यान! माती मऊ, पायांचे पेच सैल. डोळा लावला की तारा उकळत्या रसमातल्या मोहरीसारखा नाचायचा. यांनी पायांखाली विटा घातल्या, पाय आखूड केले, पण डुगडुग जाईना.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी वैतागून म्हटलं, “अस्कं हलतें ओ, नळी, तारा, सगळें. कांहीं दिसत नाहीं.”

“राहूं दे. मध्यें भार बांधूं या. उद्यां घागर भरून टांगूं, मग हलणार नाहीं.”

त्यांनी तिवईच्या मधल्या आकड्याला काथ्याचा दोर बांधला. घागर उद्यावर ठेवली. पहाटे छातीत कळ आली आणि हे गेले.

महिन्यापूर्वी त्या संध्याकाळी मी आले, तेव्हा दोर तसाच लोंबत होता. तो सोडायला हात लावला आणि माझ्यानं सोडवेना. वाटलं, एवढी यांची एक हौस, ती पुरी न करता जायचं? घागर नळाखाली भरली, दोराला टांगली. तिच्या जोडाला चीर होती, पाणी टप... टप... गळत होतं. गळेना का, तेवढ्यात बघून घेऊ म्हटलं.

आधी सगळं हललं. मग हळूहळू थांबलं. वसिष्ठ लख्ख उभा राहिला, आणि त्याच्या बाजूला... ती. लहानशी, स्वच्छ. इतकी वर्षं जिच्याबद्दल खोटं बोलले, ती खरंच होती गं! मला रडू आवरेना. पदरानं डोळे पुसावेत, पुन्हा पाहावं, असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे.

मग एक आठवलं. हे नेहमी सांगत, दुर्बिणीत तारा थांबत नाही. सरकत सरकत निघून जातो, नळी थोडी थोडी फिरवत राहावी लागते. माझे दोन्ही हात तर पदरात होते. आणि ती मात्र दर वेळी अगदी मधोमध.

टपटप बंद झाली होती. खाली वाकले. जमीन ओली. घागरीत हात घातला, तर आत थेंब नाही. पण दोर... विहिरीतून भरली घागर ओढताना असतो तसा ताणलेला.

ओल्या गोपीचंदनाचा वास आला. यांच्या कपाळाचा. आणि कानाशी, अगदी हळू...

“दिसली कीं?”

ज्याचं घोरणं ऐकत जन्म गेला त्याला भ्यायचं काय, असं तुला वाटेल. मी भ्याले. आणि त्याच वेळी असं भरून आलं, की वाटलं मागे वळून गळ्यातच पडावं. खरं उत्तर ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ती रीत आठवली. मी ‘दिसली’ म्हटलं की यांचं बोट खाली येणार. हे सुटणार.

“नाहीं...” मी म्हटलं. “अजून नाहीं. उद्यां पाहूं.”

मागे “हं” असा आवाज झाला. मी लबाडी केली की हे तसंच करत. मग दोर सैल पडला.

सकाळी अनुषा आली. “अम्मा, सामान अस्कं बांधलें कीं नाहीं?” गुडघे दुखतात, प्रवास नको, म्हणून सांगितलं. पोरगी रागावून एकटीच परत गेली.

तेव्हापासून आभाळ मोकळं असलं की मी इथं येते, पाहते, आणि ‘नाही’ म्हणते. लग्नात न पाहता हो म्हटलं, आता पाहून नाही म्हणते. फिटंफाट!

पण ती घागर बघ. पहिल्या दिवशी तिच्याखालून मांजर जाईल एवढी जागा होती. आज बोटभर जागा उरलीय. त्यानंतर मी तिच्यात पाणी घातलेलं नाही, आणि रिकाम्या घागरीनं काथ्याचा दोर लांबत नाही, एवढं मला कळतं. हे दमले असतील गं. किती दिवस हात वर धरून ठेवतील? टेकली जमिनीला, तर काय होईल... मला विचारायची भीती वाटते. तरी ‘दिसली’ म्हणवत नाही.

थांब. दिवा बारीक कर... गोपीचंदनाचा वास येतोय ना तुलाही?

ऐकलंस? ...नको, तू बोलू नकोस. मानसुद्धा हलवू नकोस. ते मला विचारतायत.