सीटमागची फळी

"आली! परत आली!" पिकअपच्या सीटमागे डोकं खुपसून वायली ओरडला. "अरे, काल मी स्वतःच्या हाताने भंगारात टाकली होती ही!"

"हळू बोल की! सगळ्या मोंटानाला ऐकवतोस का?" ब्रिटाने त्याला कोपराने ढोसलं आणि स्वतःही आत डोकावली.

फळी खरंच तिथे होती. प्लायवूडची, ताटाएवढी चौकोनी, मागे दाराची जुनी मूठ ठोकलेली. तिसऱ्यांदा फेकली होती आणि तिसऱ्यांदा आपल्या जागी येऊन बसली होती!

"हिच्यावर हे काय गं?" छोट्या जूनीने बोट फिरवलं. "गोल वण आहे. कुणीतरी गरम पातेलं ठेवल्यासारखा."

"असेल कसलातरी डाग. फळी गेली खड्ड्यात! ठेवतंय कोण, ते सांग," ब्रिटा म्हणाली.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या थोडं आधी बाबाने ही जुनी डिझेल पिकअप शेजारच्या हॅल्वर आजोबांकडून घेतली होती. तेव्हा ब्रिटाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एक दार निळं, एक हिरवं, आणि खालून गंजाची जाळी! शाळेजवळून जाताना ती सीटवरून घसरून पार पायाशी जाऊन बसायची. "काय गं, काही सांडलं का?" बाबा विचारायचा. "नाडी बांधतेय," ती म्हणायची. त्या बुटांना नाडीच नव्हती.

मग डुएनकाका, म्हणजे वायली आणि जूनीचा पप्पा, मदतीला आला आणि गाडीचं नशीब पालटलं. इंजिनात डिझेल फवारणारे मोठे इंजेक्टर बसले. डब्यातला जुना एअर फिल्टर जाऊन हवेच्या पाइपावर मोठा, उघडा, चमकणारा फिल्टर आला. सायलेन्सरच्या जागी ढोपराएवढा जाड पाइप आला. काकाने पाय दाबला की असा काळा धूर निघायचा की मागची गाडी दिसेनाशी व्हायची! पोरं टाळ्या पिटायची आणि ब्रिटा खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळायची. जत्रेच्या मिरवणुकीत लहान मुलांचा ट्रेलर यंदा हीच गाडी ओढणार होती. ब्रिटाचा पाच वर्षांचा भाऊ नेल्स त्यावर कोंबडा होऊन बसणार होता.

"आणि एक भानगड आहे," वायलीने बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी उपसली. "बघ. गेल्या आठवड्यात तेल इथवर होतं. आज इथवर! कुठल्या गाडीचं तेल आपोआप वाढतं?"

"कुणी ओततंय," ब्रिटाचे डोळे चमकले. "फळी ठेवणाराच!"

फळी पुन्हा भंगारात टाकून संध्याकाळी तिघं गवताच्या गठ्ठ्यांमागे दबा धरून बसली. उन्हं कलली तसे हॅल्वर आजोबा कुंपणाजवळच्या वाटेने आले. सरळ भंगारापाशी गेले, फळी उचलली, बाहीने पुसली, सीटमागे ठेवली. मग बॉनेटवर दोनदा थोपटलं आणि गेले.

"पाहिलंत?" ब्रिटा कुजबुजली. "गाडी विकल्याचा पस्तावा झालाय म्हाताऱ्याला. इंजिन बिघडवायचं आणि मग स्वस्तात परत घ्यायची!"

"पण त्यांनी तेल कुठे ओतलं?" जूनीने विचारलं.

"रोज थोडंच ओततील? तू गप्प बस!"

दुसऱ्या दिवशी जत्रा सुरू झाली. पहिल्या सकाळी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये सगळा गाव पॅनकेक खायला जमतो. हॅल्वर आजोबा ताटली घेऊन रांगेत उभे होते, आणि ब्रिटाला काय अवदसा आठवली कोण जाणे, ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही आमच्या अंगणात चोरासारखे का येता? आमच्या इंजिनमध्ये काय ओतता?"

शेडमधले काटे-चमचे थांबले. आजोबांचे कान लालबुंद झाले.

"मी काही ओतत नाही, पोरी," ते म्हणाले. "फळी तेवढी असावी गाडीत. विकताना मी सांगत होतो, पण तुझ्या काकाने..."

"फळी!" डुएनकाका खो खो हसला. "आजोबा, आता ती गाडी रेसची झालीय. लाकडं कशाला हवीत तिला?"

दोनचार जण हसले. बाबाने मान खाली घालून सिरप ओतलं आणि ओततच राहिला. आजोबांनी ताटली टेबलावर ठेवली, टोपी घातली आणि न खाताच निघून गेले. ब्रिटाला वाटलं, जिंकलो! घरी येऊन तिने फळी स्वतः उचलली आणि पार मागच्या ओढ्यात भिरकावली.

त्या गावात रस्त्यावर समोरून कुणीही आलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ही रीत. ओळख असो, नसो, भांडण असो, बोट उचललं जातंच. त्या दुपारी ब्रिटा दुकानाच्या पायरीवर आइस्क्रीम खात होती. हॅल्वर आजोबा आपल्या जुन्या ट्रॅक्टरवरून आले. समोरच्या गाडीला त्यांनी बोट उचललं. त्या माणसाने पाहिलं आणि तोंड फिरवलं. मागच्या गाडीनेही तेच केलं. तिसऱ्या गाडीच्या वेळी आजोबांनी बोट उचललंच नाही.

आइस्क्रीम तिच्या मनगटावरून ओघळलं. ते न पुसताच ती तशीच बसून राहिली.

"ब्रिटा! वायली! इकडे या आधी!" ती घरी आली तेव्हा अंगणात जूनी पिकअपच्या बंपरवर चढून ओरडत होती. तिच्या एका हातात तेलाची पट्टी होती, दुसऱ्यात कागदी रुमाल. "वास घ्या!"

"शी! डिझेल!" वायलीने नाक मुरडलं.

"आता हे बघा. हा आपल्या ट्रॅक्टरच्या तेलाचा थेंब, रुमालावर टाकला, एका जागी बसला. हा पिकअपचा. काळा ठिपका मध्ये आणि भोवती केवढं पातळ वर्तुळ पसरलं! कुणी तेल ओतत नाहीये गं. डिझेलच आतल्या आत गळून तेलात मिसळतंय. म्हणून तेल वाढतंय!"

"पण आधी या गाडीत नव्हतं वाढत," वायली म्हणाला आणि एकदम थांबला. "नवे इंजेक्टर. पप्पाने घाईघाईत बसवले. गळती रोखणारे वॉशर जुनेच वापरले. मीच तर उजेड दाखवायला बॅटरी धरली होती."

ब्रिटाला तो रुमाल डोळ्यांसमोर नको झाला. भर शेडमध्ये, सगळ्या गावादेखत! तिचे कान असे तापले की आजोबांचे तेव्हा किती तापले असतील हे तिला आपसूक कळलं.

"जाऊन माफी माग," जूनी म्हणाली.

"मागेन. उद्या," ब्रिटा म्हणाली. दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. आजोबांच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथूनच पळत परत आली. स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती.

मोठ्यांना मात्र त्यांनी लगेच सांगितलं. डुएनकाकाने त्या रुमालात नाक शिंकरलं! "तेल जास्त म्हणजे चांगलंच की! मिरवणूक झाल्यावर बघू."

"बाबा, तू तरी ऐक!"

"काका म्हणतोय ना, बघू," बाबा म्हणाला आणि तिच्याकडे न बघताच टायर पुसू लागला.

"ठीक आहे," वायली दातओठ खात म्हणाला. "बघत नाहीत ना? मग गाडी हलणारच नाही."

मिरवणुकीच्या सकाळी ट्रेलर जोडून झाला. कोंबडीची पिल्लं झालेली वीसेक पोरं गवताच्या गठ्ठ्यांवर चढली. नेल्स पिसं लावून आरवत होता. मोठे लोक बँडकडे बघत असताना वायलीने पिकअपच्या चाकांना ठोकळे लावले आणि जूनीने ट्रेलरची खीळ काढून खिशात टाकली.

"आता ओढून दाखवा म्हणावं!" ती खुदकन हसली.

पण काकाला ओढायची घाई नव्हतीच, त्याला धूर दाखवायचा होता. "बघा रे मुलांनो!" म्हणत त्याने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पाय दाबला. भस्सकन काळा लोट उठला आणि गर्दीने आरोळी दिली. काकाने पाय काढला.

आवाज कमी झाला नाही. उलट वाढला!

"बस कर, डुएन!" बाबा ओरडला.

"मी काही करत नाहीये!" काकाने चावी फिरवली, काढली, खिडकीतून हात बाहेर काढून दाखवली. चावी हातात आणि इंजिन बेभान किंचाळतंय! पांढरा-निळा धूर रस्ताभर पसरला. "पळा! फुटणार ते!" काका दार उघडून धावत सुटला.

"पिल्लं!" जूनी ओरडली. ती आणि वायली ट्रेलर मागे रेटू लागले. खीळ नव्हती म्हणून तो हलला. भानावर येऊन चारपाच आईबाप धावले आणि ट्रेलर धुरातून मागे गेला. नेल्सचं रडणं ब्रिटाला ऐकू येत होतं, म्हणजे तो अजून फार लांब गेला नव्हता.

इंजिन पितंय काय? टाकी बंद, चावी बंद. पातळ झालेलं स्वतःचंच तेल पितंय! ते कसं थांबवणार? पण हवा तर लागतेच. कढईत आग लागली तर झाकण ठेवायचं, हे अग्निशमनवाल्यांनी शाळेत येऊन शिकवलं होतं. झाकण! गोल वण! फिल्टरच्या पाइपाएवढाच गोल!

पण फळी तर तिने ओढ्यात फेकली होती.

तरी तिने दार उघडलं आणि सीटमागे हात घातला. बोटांना मूठ लागली. फळी तिथे होती. फुगलेली, चिखलाचे वाळलेले डाग असलेली, पण आपल्या जागी.

"वायली! बॉनेट!"

दोघांनी बॉनेट उचललं, तो चमकणारा फिल्टर धरून गदागदा हलवला आणि ओढला. काकाने पट्टा अर्धवटच आवळला होता, फिल्टर उपटून आला. "हात नको लावू, खेचेल!" वायली ओरडला. ब्रिटाने मूठ धरून फळी पाइपाच्या तोंडावर दाबली. फळी चटकन चिकटली, पुन्हा सुटेना. इंजिन घरघरलं, सगळी गाडी थरथरली आणि बंद पडली.

इतकी शांतता झाली की बँडवाल्याच्या ड्रमवरची काठी पडल्याचं ऐकू आलं. मग टाळ्याच टाळ्या! अग्निशमन दलाच्या प्रमुख मावशींनी कर्णा तोंडाला लावला. "या तीन पोरांनी आज आमचं काम केलं! मोठ्यांनी मात्र खाली मान घालावी. ब्रिटा, बोल बाळा, दोन शब्द!"

लोक हसत होते, पाठ थोपटत होते, आणि प्रत्येक थापेसरशी ब्रिटाला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. तिने कर्णा हातात घेतला.

"ही फळी हॅल्वर आजोबांची आहे," ती म्हणाली. "मी त्यांना चोर म्हणाले होते. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. ते खोटं होतं. त्यानंतर मी ही ओढ्यात फेकली. तरीही त्यांनी ती शोधून परत ठेवली." कर्णा मावशींच्या हातात देऊन, फळी उचलून ती आजोबांच्या घराकडे चालू लागली.

बाबा टोपी हातात घेऊन मागे आला. "मीही येतो. त्या दिवशी मी सिरप ओतत बसलो होतो," तो म्हणाला. थोड्या अंतरावर डुएनकाका, वायली आणि जूनी होते. काका तर कुणाकडेच बघत नव्हता.

आजोबांनी दार उघडलं. ब्रिटाच्या हातातल्या फळीकडे पाहिलं.

"काय, परत फेकायला निघालात?"

"नाही!" ब्रिटा रडूच लागली. "आजोबा, मी... मला माफ करा. मला फार आधी यायचं होतं. फाटकापर्यंत आले होते."

"पाहिलं मी. म्हटलं, येईल," आजोबा म्हणाले. त्यांनी फळी उन्हात धरली. जुन्या वणावर नवा गोल उमटला होता. "वीस वर्षांपूर्वी माझ्या बायकोने दाबली होती ही. अशीच. म्हणून टाकवत नाही मला. त्या ट्रेलरवर पोरं असणार, हे ठाऊक होतं. तुम्ही मला काही का म्हणाना."

कुणालाच वर बघवेना. शेवटी डुएनकाका पुटपुटला, "इंजेक्टर मी उतरवतो, आजोबा. विकताना काय सांगत होतात, ते पुन्हा सांगाल?"

"सांगतो. आधी पोरांची मिरवणूक खोळंबली असेल ती बघू," आजोबा म्हणाले आणि ट्रॅक्टरची चावी घेऊन बाहेर आले.

जूनीने खिशातली खीळ काढून दिली. ट्रेलर जोडला गेला, नेल्स पुन्हा आरवू लागला. आजोबांनी ब्रिटाला शेजारी मडगार्डवर बसवलं. मांडीवर फळी, गालांवर अश्रूंचे ओघळ, आणि दोन्ही बाजूंना सगळा गाव! खाली सरकून लपायला तिथे जागाच नव्हती, आणि असती तरी आज ती लपणार नव्हती.

दुकानासमोर समोरून एक गाडी येऊन थांबली. परवा तोंड फिरवलेला तोच माणूस होता. त्याने ब्रिटाकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि स्टिअरिंगवरचं एक बोट हळूच उचललं.

आजोबांनीही उचललं.