चला आमच्या घरी

ही ऐकीव गोष्ट नाही. आमचे थोरले आजोबा, शरणप्पा, यांच्या बाबतीत घडलेली आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण खोटी म्हणू नका.

साल १९४६. निजामाचा अमल. त्याच मुलखातल्या वाशी गावाबाहेरची पत्र्याची शेड. दिवेलागणीची वेळ.

शेडमध्ये एका जमीनदाराची मोटार होती. महायुद्धात पेट्रोल मिळेना म्हणून जी उभी राहिली, ती राहिलीच. तिचा ड्रायव्हर त्याच शेडमध्ये तापानं गेला होता. शरणप्पांना ते ठाऊक होतं. पण दुसऱ्यांच्या गाड्या हाकून त्यांचा जीव विटला होता. स्वतःची मोटार हवी होती, म्हणून ते ही विकत घ्यायला आले होते.

सोबत त्यांची बायको होती, शांतम्मा. नवी जोडी. बैल विकत घेतला की घरच्या बाईनं कुंकू लावून त्याला घरी बोलवायचं, अशी त्यांच्याकडची रीत. इंजिन तपासायच्या आधीच शांतम्मानं मोटारीला कुंकवाचं बोट टेकवलं.

"चला आमच्या घरी."

"आगं, आधी बघू तरी दे!" शरणप्पा हसले.

ती हौसेनं मागच्या सीटवर जाऊन बसली. शरणप्पांनी इंजिनात ठिणगी पाडणारे सगळे प्लग काढून गोणपाटावर ठेवले. भोकांत तेल सोडलं. जाम इंजिन असंच मोकळं करतात. मग हँडल घालून हळूच फिरवलं.

फिरलं.

अगदी अलगद... जसं काही सकाळीच कुणी चालवून ठेवलंय.

त्यांनी इंजिनाला हात लावला...

गरम.

आणि इंजिन सुरू झालं.

प्लग गोणपाटावर. टाकी कोरडी ठणठणीत. आणि मोटार थडथडतेय! शरणप्पा ओरडले.

"शांता! उतर खाली!"

आतून तिचा आवाज आला. निवांत.

"थांबा की वो. ते म्हणत्यात, बसून ऱ्हावा."

"कोण ते?"

"ह्ये काय... पुढं बसल्यात."

पुढची सीट रिकामी होती.

त्यांनी दार उघडलं, तिला ओढून बाहेर काढलं. इंजिन गप्प झालं. खड्ड्यात जाऊ दे ती मोटार, बायको वाचली! दोघं घराकडं पळत सुटली.

घरात शिरताच शरणप्पांनी आतून कडी घातली. सुटलो एकदाचे, असं त्यांना वाटलं.

शांतम्मा चुलीपाशी गेली. दोन ताटं वाढली.

मग तिनं तिसरं घेतलं...

"ते कुणाला गं?"

शांतम्मानं बंद दाराकडं बघून डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आसं काय करता? आपणच बोलावलं न्हाय का? चालत आल्यात बिचारे."

शांतम्मा आजी म्हातारी होऊन गेली. पण ते जास्तीचं ताट आमच्या घरात अजून वाढतात. बंद करायची कुणाची छातीच होत नाही.

आज मी वाढलं. पाठ फिरवली, तसा मागं पाट सरकल्याचा आवाज आला...

मी वळून पाहिलं नाही.