डावीकडची टाकी

कागद

महापौरबाईंनी ओल्या कागदाचा कोपरा धरला आणि ओढला.

टाळ्यांसाठी लोकांचे हात वर गेले होते. ते तसेच राहिले.

भिंतीच्या मधोमध हात पसरलेली बाई असायला हवी होती, सगळं शहर कुशीत घेतलेली. निमंत्रणपत्रिकेवर तीच छापली होती. कागदाखालून निघाली परांची. परांचीवरून डोकं खाली, पाय वर असा कोसळणारा माणूस. आणि वर फळीवर उभा दुसरा एक, अंगात सुरक्षेचा पट्टा घातलेला. पट्ट्याचा हूक त्याच्या डाव्या खांद्यावर चमकत होता. त्याची दाढी हनुवटीपाशी दुभंगलेली होती.

तशी दाढी शहरात एकाच माणसाला होती, आणि तो महापौरबाईंच्या शेजारीच उभा होता.

फोन

शहराच्या कला विभागात एक बाई पुतळे आणि भित्तिचित्रं तपासायची. कुठे भेग गेली, कुठे रंग उडाला, कुठे कोणी नाव कोरलं. भिंग सतत गळ्यात, म्हणून नाव पडलं भिंगवाली. पुतळ्यांची नाकं छाटणारे तिने याआधीही शोधून काढले होते.

विभागाच्या साहेबांचा फोन आला तेव्हा ती एका पुतळ्याची टाच खरवडत होती.

"आहात तशा निघा. माझं तोंड काळं झालंय."

"कोणी काळं केलं?"

"तेच तुम्ही शोधायचंय. संध्याकाळपर्यंत मला नाव हवं. नाव मिळो न मिळो, उद्या सकाळी भिंत फोडणार आणि वस्तीच्या कार्यशाळेला कुलूप ठोकणार."

"भिंत कशाला फोडायची?"

"मग काय आरती ओवाळू?"

जे सगळ्यांना माहीत होतं

गेल्या वर्षी याच भिंतीवर, कामाच्या तयारीत, एक परांचीवाला पडून मेला. भर दुपार, रस्ता ओस. चौकशी झाली. या चित्राचे दाढीवाले कलाकार म्हणाले, मी खाली शेडमध्ये होतो, परांचीवर पायसुद्धा ठेवला नव्हता. कामावर पट्टा एकच होता आणि तो शेडमध्ये खिळ्याला टांगलेला सापडला. निष्कर्ष निघाला: कामगाराचा निष्काळजीपणा.

परांचीवाल्याच्या पाठीमागे त्याची बायको राहिली. ती शिवणकाम करते. तिला सगळे शिंपीण म्हणतात.

वस्तीने वस्तीसाठी केलेलं हे चित्र. रंगीत फरश्यांचे तुकडे जोडणाऱ्यांत शिंपीण होती. तिचा थोरला भाऊ होता, भिंतीसमोर त्याचं सलून. आणि तुकडे भिंतीवर बसवणारा गवंडी होता, मेलेल्याचा जुना दोस्त.

उलट बाजू

भिंगवाली कार्यशाळेत शिरली. लांब टेबलं, खळीचे डबे, फरश्या फोडायच्या पकडी. कोपऱ्यात शिंपीण बसली होती. रडत नव्हती. हातातल्या चिंधीला पीळ देत होती.

"मला कामाची पद्धत सांगा," भिंगवाली म्हणाली.

"कागदावर चित्र काढायचं. त्यावर फरशीचे तुकडे पालथे चिकटवायचे, रंगाची बाजू खाली. मग ते सगळं भिंतीवरच्या ओल्या सिमेंटमध्ये दाबायचं. कागद बाहेरच्या बाजूला येतो. तो भिजवून सोलला की चित्र."

"म्हणजे चिकटवताना फक्त पाठ दिसते."

"हो. आणि पाठीवरून सगळ्या फरश्या मातीच्याच रंगाच्या. कोणाच्या कागदावर काय आहे, शेजारच्यालाही कळत नाही."

"आणि चित्र उलटं होतं."

"डावं ते उजवं. म्हणून आधीच उलटं काढायचं. पहिले काही दिवस सगळ्यांनी शेण खाल्लं. नंतर अंगवळणी पडलं."

"मधला भाग कोणी केला?"

शिंपिणीने मान वर केली. "मी."

"तुम्ही?"

"मी एकटीने. नवरा माझा गेला. दुसऱ्या कोणाच्या पोटात एवढी आग असणार? लिहून घ्या."

भिंगवालीने लिहून घेतलं नाही. ती उठून बाहेर आली आणि भिंतीपाशी उभी राहिली.

भिंग

भिंतीच्या उजव्या अंगाला पाण्याची टाकी आहे, उंच, गंजकी. भिंतीपुढे कुठेही उभं राहा, टाकी उजवीकडेच.

चित्रात टाकी डावीकडे होती.

"बघा, गाढवाने उलटं काढायचं विसरून काढलंय," साहेब मागून म्हणाले. "कार्यशाळेतलं कोणीतरी नवखं असणार. किंवा ती बाई. दुःखात माणसाचं डोकं चालत नाही."

भिंगवाली खाली वाकली. सबंध भिंतीच्या तळाशी निळ्या वेलीची किनार धावत होती. प्रत्येक कुटुंबाच्या तुकड्यातून ती पुढच्या तुकड्यात जायची. सगळी पानं टाकीच्या दिशेने, उजवीकडे झुकलेली. मधल्या भागातही वेल होती. अलीकडच्या देठाला देठ बरोबर जुळत होता.

पानं उजवीकडे झुकलेली होती.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

प्रश्न

गवंडी सिमेंटची थापी धूत होता.

"मधला तुकडा भिंतीवर तुम्हीच बसवलात?"

"मीच. कागद बाहेर, फरशी आत. आत भूत आहे का देव, मला काय ठाऊक?"

"दोस्त पडला तेव्हा कुठे होतात?"

"सिमेंट आणायला गेलो होतो. परत आलो तर चादर टाकलेली." थापी पाण्यात टाकून तो म्हणाला, "बाई, ज्याने केलं त्याच्या हाताला सोन्याचं कडं घालावं. एवढं मात्र लिहा."

समोर सलूनमध्ये खुर्ची एकच. गिऱ्हाईक नव्हतं. सलूनवाला वस्तरा चामड्यावर घासत होता. भिंगवाली दारातून आत आली तशी ती त्याला समोरच्या मोठ्या आरशात दिसली. तो आरशाकडेच बघत बोलू लागला.

"बसा. दाढी करायची नसेल तरी बसा."

ती खुर्चीत बसली. आरशात ती होती, तिच्या मागे तो, आणि त्याच्या मागे उघडं दार, रस्ता, भिंत, गर्दी, टाकी.

"दाढीवाले कलाकार इथे येतात?"

"दर आठवड्याला. दोन टोकं सारखी कापून घेतात. काम चालू असताना हेच एक दुकान जवळ."

"मेहुण्याचा विषय निघाला कधी?"

"त्यांनी काढला. म्हणाले, तुझा मेहुणा बेफिकीर होता रे, पट्टा घालायचाच नाही. मी म्हटलं, हनुवटी वर करा सर."

"बहीण म्हणते, चित्र तिने केलं."

वस्तरा थांबला.

"वेडी आहे," तो म्हणाला. "लहानपणी माझ्या हातून काच फुटली तरी मार तीच खायची."

कलाकार

दाढीवाले साहेबांच्या गाडीत बसले होते. घाम पुसत होते.

"सर, मधला भाग कोणी केला?"

"मी. स्वतःच्या हातांनी. सगळीकडे तसं छापून आलंय."

"मग हे चित्रही तुम्हीच काढलंत."

त्यांना ठसका लागला. "म्हणजे... रेखाटन माझं. चिकटवायला कार्यशाळेत दिलं होतं. माणूस सगळं स्वतः थोडंच करतो?"

"परत पाहिलंत कधी?"

"पाठीकडून काय बघणार?"

"बरोबर," भिंगवाली म्हणाली. "तेवढंच हवं होतं."

इथे थोडं थांबायला हरकत नाही. भिंगवालीच्या हातात जे होतं ते सगळं वाचणाऱ्याच्याही हातात आहे: एक टाकी, एक वेल, एक कबुली. चौथी गोष्ट फक्त तिला हवी होती, आणि ती कशी काढायची हे तिने गाडीचं दार लावताना ठरवलं.

भिंतीपुढे

ऊन कलायला लागलं तेव्हा सगळे भिंतीपुढे उभे होते. साहेबांनी बोलावलेला इन्स्पेक्टर, गवंडी, शिंपीण, तिचा भाऊ, दाढीवाले. मागे वस्ती.

"नाव सांगा आणि संपवा," साहेब म्हणाले.

"सांगते. पण आधी अहवाल पक्का व्हायला हवा. चित्र खोटं आहे हे सिद्ध झालं तरच गुन्हा मोठा होईल." ती दाढीवाल्यांकडे वळली. "सर, तुम्हीच सांगा. यात चुकीचं काय काय आहे? एकही सोडू नका."

दाढीवाल्यांच्या जिवात जीव आला. ते पुढे झाले, शिकवायच्या सुरात बोटाने दाखवू लागले.

"सगळंच चुकीचं आहे. टाकी बघा, डावीकडे. टाकी कुठे आहे? तिकडे. हा माणूस बघा, डावीकडे पडतोय. तो टाकीच्या बाजूला पडला होता, म्हणजे उजवीकडे. शिडी या टोकाला दाखवलीय, होती त्या टोकाला."

"आणि पट्टा?"

"पट्टासुद्धा चूक. हूक डाव्या खांद्यावर दाखवलाय."

"मग कुठे होता?"

"उजव्या."

दाढीवाल्यांचं बोट हवेतच राहिलं.

"कोणाच्या उजव्या खांद्यावर, सर?" भिंगवालीने विचारलं. "पट्टा तर खिळ्याला होता. आणि तुम्ही शेडमध्ये होता."

"मी म्हणजे... साधारणपणे तो तिथे असतो."

"साधारणपणे तो माणूस उजवीकडे पडतो? शिडी त्या टोकाला असते? शेडला या बाजूला खिडकीच नाही."

इन्स्पेक्टरने खिशातून पेन काढलं.

"आता दुसरं," भिंगवाली म्हणाली. "साहेब म्हणाले, करणारा उलटं काढायला विसरला. ही बाईही हो म्हणेल."

"हो," शिंपीण घाईने म्हणाली. "विसरले मी. गोंधळ झाला."

"मग वेल सरळ कशी आली? त्याच कागदावर, त्याच हाताने काढलेली वेल. विसरलं असतं तर पानंही डावीकडे झुकली असती. करणारा काहीच विसरला नव्हता. सगळं नीट उलटं काढलं, म्हणून भिंतीवर अगदी त्याला हवं तसं उमटलं. त्याने ते दृश्य पाहिलंच होतं असं. टाकी डावीकडे, हूक डाव्या खांद्यावर. या रस्त्यावर असा एकच माणूस आहे, जो दिवसभर रस्त्याकडे पाठ करून उभा असतो आणि तरी सगळा रस्ता बघतो."

तिने मागे वळून सलूनच्या उघड्या दाराकडे पाहिलं. आत आरशात भिंत दिसत होती. टाकी डावीकडे.

"दादा," शिंपीण पुटपुटली. "गप्प राहा."

"राहिलो की वर्षभर." सलूनवाला पुढे आला. आवाज चढलेला नव्हता. "एक म्हातारे खुर्चीत घोरत होते. मी साबण लावत होतो. आरशात बघतो तर सर परांचीवर. मेहुण्याने पट्टा काढून यांच्या अंगावर चढवला. वरून चित्र कसं दिसेल ते यांना बघायचं होतं. हे फळीच्या टोकाला गेले, फळी कलली. पट्टा यांच्या अंगावर होता. त्याच्या अंगावर सदरा. मी धावलो. मी पोचेपर्यंत हे शिडीने उतरून पट्टा टांगून आले होते, आणि मला विचारत होते, काय झालं?"

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"कोणाला? मेलेल्याचा मेहुणा मी. आरशात पाहिलं म्हणालो असतो तर तुम्ही हसला असता. एक कागद झाला असता, फाइलीत गेला असता. मला कागद नको होता. मला ही भिंत हवी होती. सगळं शहर समोर पाहिजे, हे नटूनथटून उभे पाहिजेत, आणि यांच्याच मोठ्या माणसांच्या हातून झाकण निघालं पाहिजे. तुकडा घरी केला. तयार झाल्यावर इथे आणून यांच्या चित्रातल्या बाईच्या जागी ठेवला. पाठीकडून दोन्ही सारखेच."

"खुनशी आहेस तू," दाढीवाले ओरडले. "दर आठवड्याला तुझ्यापुढे मान दिली मी."

"दिलीत. गळ्यावर वस्तरा असायचा. हात कधी हलला नाही." सलूनवाल्याने त्यांच्या दाढीकडे पाहिलं. "तुम्ही मेला असता तर तुमच्या नावाचा चौक झाला असता. मला तुम्ही जिवंत हवे होता, सर. म्हणून तर दाढी इतकी नीट राखली. चित्रात ओळख पटायला नको?"

गवंडी हसला. एकटाच.

इन्स्पेक्टरने दाढीवाल्यांना गाडीकडे चालायला सांगितलं. सलूनवाल्याला म्हणाला, "तुम्हालाही यावं लागेल. सरकारी कामात फेरफार केलात."

"येतो. दुकानाला कडी घालू द्या."

साहेबांनी घसा साफ केला. "ते सगळं ठीक. पण उद्या माणसं सांगितलीत मी, घण घेऊन..."

"माघारी पाठवा," इन्स्पेक्टर म्हणाला. "भिंत आता पुरावा आहे. खटला संपेपर्यंत एक टवका उडता कामा नये."

"किती चालतो असा खटला?" भिंगवालीने विचारलं, उत्तर ठाऊक असल्यासारखं.

"चालेल की. वर्षानुवर्षं."

साहेब मटकन गाडीच्या बॉनेटवर टेकले.

शिंपीण इतका वेळ भावाकडे बघत होती. आता ती कार्यशाळेत गेली आणि पाण्याची बादली, चिंधी आणि शिडी घेऊन आली.

"फोडायची नाही म्हणालात," ती इन्स्पेक्टरला म्हणाली. "पुसली तर चालेल?"

"काय पुसायचंय?"

"कागदाची खळ राहिलीय थोडी. वरच्या माणसाच्या तोंडावर."

गाडीच्या काचेतून दाढीवाले बघत होते. ती शिडी चढली, चिंधी पिळली आणि सावकाश, एकेक फरशी करत, त्यांचा चेहरा लख्ख करू लागली.