तीन टिंबं आणि एक रेघ

तक्ता १ : भेट
(स्थळ : नाशिक, वाचनालयाचा संदर्भ विभाग. काळ : ऑगस्ट १९७८. माणसं : दोन.)

"बाई, ते पुस्तक तुमचं वाचून झालं का?"

चांगुणाने मान वर केली. समोर एक तरुण उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांची टोकं काळी, आणि काखेतली छत्री वाचनालयाच्या फरशीवर निवांत गळत होती.

"हे वाचून होत नसतं," ती म्हणाली. "यात नुसते आकडे आहेत. सगळ्या जगाचे."

"मंग बरोबर. मला एका देशाचं नाव खरं का खोटं, तेवढंच पाह्यचंय. अप्पर व्होल्टा."

"खरं आहे. आफ्रिकेत आहे."

"आसं व्हय..." तो न विचारताच समोरच्या खुर्चीवर टेकला. "मला वाटलं, इजेचं काही तरी आसंल. मी कंपोझिटर हाय. रविवार कारंज्याजवळ गोटीरामशेठचा छापखाना हाय ना, तिथं. शाळेतल्या पोरांसाठी एक पुस्तिका जुळवायला घेतलीय. कोणत्या देशात किती डॉक्टर, किती रेडिओ, माणूस किती वर्षं जगतो. आता ज्या कुणी येड्यानं ती लिहिलीय ना, त्याचा एक आन् नऊ सारखाच. एक्केचाळीस वाचू का एकोणपन्नास? माणसाची आठ वर्षं हवेत गेली की!"

"अजून काय दोष आहेत?"

"अक्षर बाईमाणसाचं नाय, हे नक्की. वकिलाचं आसंल."

चांगुणाने आपली वही फिरवून त्याच्यापुढे सरकवली. त्याने पाहिली. एक पाहिला, नऊ पाहिला. मग छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"मी आता उठून जाऊ का?"

"जा. छत्री घेऊन जा. आणि ते एकोणपन्नास आहे."

टीप. चांगुणा पगारे, वय तेवीस, बी. ए., अर्थशास्त्र. वडील पुंजाराम पगारे नगरपालिकेच्या शाळेत गुरुजी. घरात पुस्तकं पुष्कळ, पण त्यातल्या एकावरही घरातल्या कुणाचं नाव नव्हतं. या पुस्तिकेवर येणार होतं : 'संकलन : कु. चांगुणा पगारे'. ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला सरकारी कचेरीत सांख्यिकी सहायकाच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, आणि तिथे साहेबांच्या टेबलावर ती हीच पुस्तिका ठेवणार होती. दुसरा वशिला तिच्याकडे नव्हता.

तक्ता २ : एकक

प्रुफं तपासायला ती आठवड्यातून दोनदा छापखान्यात जाई. गोरक्ष जुंद्रे, म्हणजे तोच, उभ्यानेच खणांतून शिशाच्या अक्षरांचे खिळे वेचत असे. बोलताना हात थांबत नसे.

"स्वीडनात माणूस पंचाहत्तर वर्षं जगतो आन् आपल्याकडं पन्नास. घोटीला माझी आजी ऐंशीची हाय. ती स्वीडनची म्हणायची का?"

"सरासरी आहे ती, जुंद्रे. तुमच्या आजीने ती थोडी वर नेली, पाळण्यातली पोरं खाली आणतात."

त्याचा हात थांबला. "माझ्या आधीची दोन गेली," तो म्हणाला. "आई आजून मोजते. कुणी इचारलं तर चार लेकरं म्हणते. हायेत दोनच."

प्रुफावरचा तो पन्नासचा आकडा चांगुणाने शंभर वेळा पाहिला होता, पण त्याला घोटीतलं एखादं घर असेल हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग तिने त्याला नियम सांगितले. देशाशी देश असा नुसत्या आकड्याने ताडायचा नाही. चीनचे डॉक्टर जास्त कारण चीनमध्ये माणसंच जास्त. म्हणून दर दहा हजार माणसांमागे किती, ते लिहायचं. एककाशिवाय आकडा म्हणजे नुसती फुशारकी.

"आन् हे काय? एका ठिकाणी तीन टिंबं, एका ठिकाणी आडवी रेघ?"

"रेघ म्हणजे शून्य. नेपाळला समुद्र नाही, म्हणून नेपाळची समुद्रातली मासळी, रेघ. टिंबं म्हणजे माहिती मिळाली नाही. भूतानात डॉक्टर असतील, नसतील, कुणी कळवलंच नाही. म्हणून तीन टिंबं."

"म्हंजे, माहीत नाय हे बी छापायचं?"

"तेच तर नीट छापायचं."

तो हसला. "आमच्या घोटीत कुणी असं छापत नाय बाई. माहीत नसलं की लोक दडपून सांगतात."

तक्ता ९ : रेडिओ संच, दर हजारी

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवव्या तक्त्याचं प्रूफ आलं. ते तिने घरी नेलं, ओट्यावर बसून तपासलं. देश एकोणतीस हवे होते. तीस निघाले. सगळ्यात खाली, अप्पर व्होल्टाच्याही खाली, एक ओळ जास्तीची होती :

घोटी. लोकसंख्या : १. वय : २६. पाऊस : लय. होकार : ...

चांगुणाने ती दोनदा वाचली. लाल पेन्सिल हातात तशीच राहिली. पुस्तिकेत जास्तीची ओळ ठेवता येत नव्हती, हे तर उघडच होतं. तिने कात्री आणली, खालची ओळ सरळ कापली, उरलेलं प्रूफ दुसऱ्या दिवशी परत दिलं. त्याविषयी चकार शब्द काढला नाही.

गोरक्षने कापलेली कड पाहिली. त्यानेही नाही काढला.

कापलेली पट्टी कंपासपेटीत होती, कोनमापकाखाली. हे त्याला कसं कळावं? आणि ती तरी काय उत्तर देणार? तो घोटीच्या कुणब्याचा, ती पगारे गुरुजींची लेक. त्यांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धवंदना. त्याच्या आईला हे माहीत होतं का? माहीत झाल्यावर ती काय म्हणणार होती? एवढं सगळं रिकामं असताना शेवटचा रकाना कसा भरायचा?

...

तक्ता १२ : चूक

ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला छापलेल्या पुस्तिका आल्या. तीनशे प्रती, पिवळं कव्हर. पुंजाराम गुरुजींनी आपल्या लेकीचं नाव चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं. शेजारच्या लंकाबाईंना बोलावून दाखवलं. चांगुणाने कौतुकाने बारावा तक्ता उघडला.

भूतान. डॉक्टर : एक आडवी रेघ.

पुढचं पान. अप्पर व्होल्टा, सिनेमागृहं : रेघ. येमेन, वर्तमानपत्रं : रेघ. तेवीस ठिकाणी टिंबं गेली होती आणि रेघा आल्या होत्या. आणि दुसऱ्याच पानावर तिच्याच शब्दांत ठळक छापलं होतं : 'आडवी रेघ म्हणजे शून्य.'

ती पायात चपला सरकवून निघाली ती थेट छापखान्यात.

"शेवटच्या प्रुफात टिंबं होती! कुणी बदललं?"

गोटीरामशेठ विड्याचं पान लावत होते. "अगं पोरी, आकडा नाही म्हणजे शून्यच की. कोण बघतंय?"

"मी बघतेय. तेवीस ठिकाणी खोटं बोललेय मी. माझ्या नावाने!"

"मी केलं," गोरक्ष खणांमागून म्हणाला. "प्रुफाला तीच टिंबं पानोपानी फिरवली व्हती, छपाईला ती आधीच्या पानांतच आडकली. छपाई सुरू झाली तर नवव्या तक्त्यापासनं कमी पडाया लागली, म्हणून मी मशीनवर काढून रेघा घातल्या. शेठला ठाऊक नव्हतं."

"पण तुम्हाला तर फरक माहीत होता! माहिती नाही आणि मुळात नाहीच, यातला फरक मी तुम्हाला समजावला होता, जुंद्रे."

"व्हता माहीत." त्याने चिमटा खाली ठेवला. "पर महिनाभर उत्तर नाय आलं तर माणूस काय धरतो बाई? मी रेघ धरली. मंग वाटलं, सगळीकडं तसंच आसंल. जे कळवत नायत, त्यांच्याकडं नसतंच."

गोटीरामशेठनी एकदा गोरक्षकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि पान तोंडात टाकून ते कारंज्याकडे चालते झाले.

चांगुणा म्हणाली, "मुलाखतीला नऊ दिवस आहेत."

"तुमची एक प्रत नीट करून देतो. आत्ता. साहेबाला कळणार बी नाय."

"आणि उरलेल्या दोनशे नव्व्याण्णव?"

त्याने चिमटा पुन्हा उचलला.

"शुद्धिपत्र चिकटवू म्हणाल तर तेही चालणार नाही," ती म्हणाली. "रेघ म्हणजे माहिती नाही, असं लिहिलं तर नेपाळचं खरं शून्य खोटं होईल. एकेक रेघ खरवडावी लागेल."

"तीनशे गुणिले तेवीस," तो म्हणाला. "सहा हजार नऊशे."

"मोजता येतं तर."

"तुमच्यामुळंच शिकलो."

तक्ता १३ : दुरुस्ती
(एकक : रेघा दर दिवशी.)

सोमवार, ७१०. मंगळवार, ८६०. बुधवार, ९४०.

काम असं चाले : चांगुणा दाढीच्या पात्याने रेघ हळूच खरवडायची, कागद फाटू न देता. गोरक्षने टिंबाचे तीन खिळे दोऱ्याने घट्ट बांधले होते. तो शाईच्या गादीवर ते टेकवून खरवडलेल्या जागी ठसा मारायचा. प्रत पुढे सरकायची. ती खरवडणार, तो टिंबं देणार. बाहेर कारंज्यावर टांगेवाले भांडत, आत दोघं भूतानवर वाकलेले.

"आईला सांगितलं मी," तो गुरुवारी म्हणाला, मान वर न करता.

"काय सांगितलं?"

"तुमचं नाव. मंग तिनं इचारलं, कोणाची? मंग ते बी सांगितलं."

पातं थांबलं. "मग?"

"मंग तीन दिवस बोलली नाय. भाकर ताटात टाकायची, आन् तोंड चुलीकडं."

"आणि चौथ्या दिवशी?"

"चौथ्या दिवशी म्हणली..." त्याने ठसा उचलला, ओली टिंबं नीट पाहिली. "म्हणली, ती भात खाते का पोळी?"

चांगुणाच्या हातून त्या क्षणी एक चूक झाली. येमेनचा कागद फाटला. ती त्या फाटलेल्या भोकातून पलीकडचा तक्ता पाहत राहिली.

"काय सांगितलंत?"

"माहिती उपलब्ध नाय म्हणलं."

ती हसली. हसण्यात पुढची पाच मिनिटं वाया गेली. गुरुवार, ६२०.

तक्ता १४ : मुलाखत

तीन साहेब होते. मधल्याने पुस्तिका उलटून पाहिली, बारावा तक्ता डोळ्यांजवळ नेला.

"हे डाग कसले?"

"डाग नाहीत, साहेब. छापताना 'माहिती नाही'चं 'शून्य' झालं होतं. हाताने दुरुस्त केलंय."

"फक्त आम्हाला दाखवायच्या प्रतीत?"

"तीनशे प्रतींत. एका प्रतीत कागद फाटला, तिथे मागून चिकटवलाय."

"एवढं कशाला? शाळेतली पोरं काय भूतानला जाणार आहेत?"

"नाही जाणार," चांगुणा म्हणाली. "म्हणूनच. जाऊन बघणार असती तर चूक त्यांची त्यांना कळली असती."

साहेबांनी पुस्तिका मिटली, पण परत दिली नाही. पुढचा प्रश्न प्रमाण विचलनावर होता. तो तिला आला. त्याच्या पुढचा नाही आला.

निकाल : ...

तक्ता ९ (सुधारित)

ती तिथून घरी गेली नाही. शालिमार चौकातून चालत रविवार कारंज्यावर आली. गोरक्ष कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका जुळवत होता.

"काय झालं?"

"माहीत नाही. महिनाभर लागेल कळायला."

"मंग घरी नाय गेलात?"

चांगुणाने पिशवीतून कंपासपेटी काढली, कोनमापक बाजूला केला आणि कागदाची अरुंद पट्टी टेबलावर ठेवली. कडा सरळ कापलेल्या. गोरक्षने ती ओळखली. त्याचा चेहरा पाहून तिला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

"तुमच्याकडंच व्हती?"

"पुस्तिकेतून काढली होती. फेकली नव्हती. माहिती गोळा होत होती."

"कोणती माहिती?"

"तुमच्या आईची. माझ्या वडिलांची."

"ते काय म्हणले?"

"म्हणाले, चूक केली तेव्हा मी केलं असं आपणहून बोलला तोच ना हा? मी म्हटलं, तोच. म्हणाले, मग रविवारी चहाला बोलाव."

तिने टेबलावरचं पातं उचललं. होकाराच्या रकान्यातली तीन टिंबं खरवडायला लागली. गोरक्ष टेबलावर वाकला. टिंबं गेल्यावर तिथे रेघही येऊ शकते, हे त्याच्याइतकं नाशकात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. कागद पातळ झाला, फाटला नाही. मग तिने लाल पेन्सिलीने, नऊ वाटू नये म्हणून फार जपून, एक लिहिला.

गोरक्षने पट्टी उजेडात धरून पाहिली. "एकक?"

"दर माणशी."

लग्नाची पत्रिका तशीच अर्धी सोडून त्याने ती ओळ पुन्हा जुळवली, सबंध, नवीन एकासकट. प्रूफ काढलं आणि वाळायच्या आत तिच्यासमोर धरलं. चांगुणाने नेहमीसारखं डावीकडून तपासायला घेतलं. घोटी, बरोबर. लोकसंख्या, बरोबर. वय, बरोबर. मग लाल पेन्सिल थांबली.

"इथे चूक आहे. पाऊस : लय. 'लय' हा आकडा नाही."

"मंग येऊन मोजा," तो म्हणाला.