कोमिनोने बुजवलेलं भोक

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने येऊन माझ्या उजव्या हाताच्या बोटांचा वास घ्यावा. राखेने घासली, लिंबाने घासली... जात नाही.

गाव ब्रेशा, साल १५२३. संत फाउस्तिनोची जत्रा तोंडावर आली होती आणि भर दुपार होती. भुताखेतांची वेळसुद्धा नव्हती ती.

माझा नवरा कोमिनो चिलखतं घडवतो. मी आतलं अस्तर शिवते. आमच्या आळीची एक रीत आहे. छातीचा पत्रा तयार झाला की वीस पावलांवरून त्याच्यावर गोळी झाडायची. चांगल्या पत्र्याला पोचा पडतो, पण तो फुटत नाही. तो पोचा कधीही ठोकून काढायचा नाही. गिऱ्हाईक येतं, पोच्यात बोट घालतं आणि डोळे झाकून विकत घेतं.

त्या हिवाळ्यात लढाईवरून एक पत्रा आला. पोलाद उत्तम, पण डाव्या बाजूला आरपार भोक.

अस्तराला केस चिकटले होते. केस आणि अजून काहीतरी... ते मी बोटांनी ओढून काढलं. बाहेर टाकलं तर मांजरानेही तोंड लावलं नाही.

कोमिनोने भोकाला आतून लोखंडाचा तुकडा लावला, भट्टीत तापवून जोडला आणि वरून हातोड्याने छान गोल पोचा पाडला.

"बघ, झाली की नाही गोळीची परीक्षा?"

"अरे मेल्या, माणूस गेलाय त्यात!"

"मग परीक्षा पक्कीच की! तू अस्तर शिव. जोड झाकला की काम झालं."

शिसारी आली मला. त्याचीही आणि माझीही.

मग गंज काढायला त्याने पत्रा पिंपात घातला. वाळू आणि व्हिनेगर ओतलं. पिंप गरगर फिरू लागलं.

खरखर... खरखर...

आणि मध्येच खोकला.

ओला. घशात काही अडकल्यासारखा.

कोमिनोने पिंप थांबवलं. वाळू थांबली.

खोकला थांबला नाही.

"खडा असेल एखादा," तो म्हणाला. पण झाकण उघडायला त्याने संध्याकाळ केली.

मी अस्तर शिवलं. सकाळी बघते तर जोडावर नखाएवढा ओला डाग. घागरीतलं पाणी गोठलं होतं आणि तो डाग... कोमट होता. उसवलं. दुसरं शिवलं. तेही भिजलं. मग तिसरं शिवलं.

तिसऱ्याचा शेवटचा टाका घातला आणि झानेत्तो आला. माझा धाकटा भाऊ. घोडदळात नाव घातलं होतं त्याने, जत्रा झाली की निघणार होता. ओळीत टांगलेल्या सहा पत्र्यांतून त्याने नेमका तोच उचलला.

"ताई, हाच घेतो! पोचा बघ केवढा! हा अंगावर असला की आईसुद्धा रडायची नाही."

त्याने पोच्यात बोट घातलं.

बोट एक पेर आत गेलं... मग दुसरं पेर...

तो पोचा तेवढा खोल नव्हता हो!

बोट बाहेर आलं ते लालसर, चिकट. "दाजी, तेल फार चोपडता बुवा," असं म्हणत त्याने ते विजारीला पुसलं.

मी कोमिनोकडे बघितलं. हा माणूस खाली मान घालून भाता ओढत होता. आपल्या मेव्हण्यासाठीही त्याचं तोंड उघडेना!

"ठेव ते खाली!" मी ओरडले. "भोक बुजवलंय त्यातलं!"

झानेत्तोने पत्रा खाली ठेवला. दुसरा घेतला आणि गेला. लढाईवरून परत आला तेव्हा त्या पत्र्यावर दोन नवे पोचे होते आणि त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. खरा पत्रा असा असतो.

आणि तो भोकाचा पत्रा?

तो जत्रेत विकला. बेर्गामो गावचा एक तरणा गडी होता, सोबत बहीण आली होती. कोमिनो पोचा दाखवत होता तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "अस्तर उबदार आहे ना हो? याची छाती लगेच भरते."

मी म्हटलं, "आहे."

एवढंच म्हटलं. माझा भाऊ वाचला होता ना! दुसरीचा भाऊ माझा कोण?

परवा तो पत्रा परत आला. भोक त्याच जागी. अस्तर माझंच, टाके माझेच. त्यांत भुरे केस गुंतलेले.

"पोलाद चांगलं आहे, टाकवत नाही," कोमिनो म्हणाला आणि लोखंडाचा तुकडा शोधू लागला.

आज दुपारी पिंप फिरलं. मी कान बंद करून बसले होते. थांबलं तेव्हा हात काढले.

आता दोघं खोकतात... एक जुना आणि एक छाती भरलेला.

कोमिनो भट्टीजवळून विचारतोय, अस्तर झालं का. चौथं अस्तर मांडीवर पडलंय. सुईत अजून दोरा ओवलेला नाही मी.