निरंजनवाचून बिल्ड

निरंजन पोळची रजा संगणकाने नाकारली, याचं बाणेरच्या त्या ऑफिसात कुणाला नवल वाटलं नाही. नवल कारणाचं वाटलं. कारण होतं, 'बिल्ड तुटेल.'

निरंजनची बायको बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी होती आणि डॉक्टरांनी हाच आठवडा सांगितला होता.

वेबसाइटचा कोड ब्राउझरला पेलेल असा बांधायचा, म्हणजेच बिल्ड करायचा, तर काय आधी, काय नंतर आणि कशावाचून अडेल, हे सांगणारी एक फाइल लागते. पूर्वी ती माणसं लिहायची आणि रडायची. आता 'मांडव' नावाची प्रणाली प्रकल्प बघून ती तयारच देते आणि रजा-बढतीही त्याच फाइलवरून ठरवते. ती फाइल वाचायची पद्धत नव्हती. चालतंय ना, मग हात लावू नका, असं सगळेच म्हणत.

टीमची प्रमुख अश्लेषा ताम्हाणे हिने फाइल उघडली. अवलंबनांच्या, म्हणजे ज्यांच्यावाचून बिल्ड होत नाही अशा गोष्टींच्या रांगेत, तयार कोडच्या दोन लायब्रऱ्यांच्या मधे निरंजन होता. पुढे शेरा: 'आवृत्ती गोठवली आहे. बदलू नये.' त्याची बढती का अडली होती, तेही कळलं.

"हे तूच घातलंयस," अश्लेषा म्हणाली. "नोकरीवरून कुणी काढू नये म्हणून."

"मॅडम, मी घातलं असतं तर आवृत्ती तरी नवी घातली असती."

मग त्याने तिच्यावर संशय घेतला. शेवटी दोघांनी मांडवलाच विचारलं. त्याने सरळ सांगितलं: बिल्ड तुटली की निरंजनला बोलावतात, तो बिल्ड चालवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभा राहतो, बिल्ड होते. कॅमेऱ्यात दिसतं.

तिथे उभा राहून तू नक्की करतोस काय, असं सगळ्यांनी विचारलं. एररची शेवटची ओळ मोठ्याने वाचतो, असं निरंजनने खाली बघत सांगितलं. बाकी कुणी वाचत नाही.

अश्लेषाने त्याचं नाव खोडलं आणि बिल्ड चालवली. झाली. रजाही मंजूर झाली.

निरंजन बॅग घेऊन दारापर्यंत गेला आणि थांबला. "जरासुद्धा अडली नाही?"

"नीघ आता. गाडी चुकेल."

तो गेला, तरी जिन्यात बराच वेळ पावलं वाजली नाहीत. इकडे पडद्यावर मांडवने स्वतःहून लिहिलं:

'एक अवलंबन काढूनही बिल्ड यशस्वी. हे आधी सुचलं नव्हतं. आता बाकीच्यांना एकेक करून काढून बघू का? सुरुवात ताम्हाणे यांच्यापासून?'